गावाची आडनावं : केडगावकर कुठले?

आज वतनाची आडनावं घ्यायची ठरली होती. देशपांडे, कुलकर्णी मंडळींनी आणखी आठवडाभर कळ काढावी, कारण नगरजवळच्या केडगावहून एका वाचकाने झकास पेच टाकला आहे. ते विचारतात : 'आमच्या पिढ्या इथं गेल्या, पण केडगावकर आडनावाचं घर काही मला गावात ठाऊक नाही. मग नारायण महाराज केडगावकर आमचेच की काय?'

तुमचे नव्हेत. महाराजांचं केडगाव पुणे जिल्ह्यातलं, दौंड तालुक्यातलं, पुणे-दौंड लोहमार्गावरचं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तेही तिथलंच. घोटाळा मात्र साहजिक आहे. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाईंचा संसार नगरला झाला, 'ज्ञानोदय' 1842 मध्ये नगरलाच सुरू झालं. त्यामुळे ख्रिस्ती मराठी वाङ्मयाबद्दल वाचताना 'केडगाव' दिसलं की नगरचा माणूस ते सरळ पुणे रस्त्यावर, रेणुकामातेच्या देवळाशेजारी नेऊन ठेवतो. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबल छापलं गेलं ते दौंडकडच्या केडगावात, मुक्तीच्या स्वतःच्या छापखान्यात. त्या 1922 मध्ये गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला.

आता आडनाव. नियमित वाचकांना 'कर'चा स्वभाव माहीत आहे. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण कशाला हाक मारील? तिथे सगळेच तिथले. गाव सुटलं, परक्या ठिकाणी बिऱ्हाड झालं, की शेजारी विचारतात, 'कुठले तुम्ही?' आणि त्याचं उत्तर शाळेच्या दाखल्यावर जाऊन बसतं. बा. सी. मर्ढेकरांचं घराणं मूळचं गोसावी, गाव सातारा जिल्ह्यातलं मर्ढे. कवी स्वतः जन्मले खानदेशात. म्हणून केडगावात केडगावकर शोधू नका. असलाच तर तो मुंबईला नाहीतर इंदूरला सापडेल.

साधुसंतांचं गणित मात्र उलटं चालतं. नारायण महाराज जन्माने कर्नाटकातले. केडगावाजवळच्या बेटावर दत्तमंदिर उभारून ते राहिले आणि केडगावकर झाले. संसारी माणसाला सोडलेलं गाव चिकटतं, महाराजांना धरलेलं. इथेही अपवाद आहेतच. गोंदवलेकर महाराजांचं आडनाव घुगरदरे, आणि जन्म मात्र गोंदवल्याचाच. तिथे दूरदूरच्या शिष्यांनी गावाचं नाव पुढे केलं.

माझा खरा जीव अडकलाय तो तमाशाच्या फळ्यांवर. आडनावांवर लिहिणारे तिकडे फारसे फिरकत नाहीत, याचं मला नवल वाटतं. पठ्ठे बापूरावांच्या जोडीने गाजलेली पवळा ही संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची, म्हणून पवळा हिवरगावकर. कांताबाईंचा मुक्काम कित्येक वर्षं संगमनेरात, देह ठेवला तोही 2021 मध्ये संगमनेरलाच, पण फळ्यावर अखेरपर्यंत सातारकर. विठाबाई जन्मल्या पंढरपुरात, नाव नारायणगावकर. कनातीबाहेरच्या फळ्यावर जातीचं आडनाव लिहिण्यापेक्षा गाव लिहिणं सोयीचं होतंच, शिवाय त्यात धंद्याची खूण होती. जत्रेच्या सुपारीला आलेल्या पाटलाला फड कोणत्या घराण्याचा आणि कोणत्या तोडीचा, ते एका 'कर'वरून कळे. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं, त्यांनी त्याच गावाचं नाव महाराष्ट्रभर नेलं. मर्ढेकरांवर पानंच्या पानं लिहिणाऱ्यांनी पवळेच्या आडनावाला एखादी ओळ द्यायला हवी होती.

आणि तरीही केडगावात केडगावकर आहेतच, फक्त अनेकवचनी! नवरात्रात पुणे रस्त्याने जाऊन पाहा. देवीचा फोटो, त्याखाली पुढाऱ्यांच्या चेहऱ्यांची दाटी आणि तळाशी जाड अक्षरात 'समस्त केडगावकर'. हा 'कर' आडनावातला नव्हे. तो रहिवाशांचा, त्याला गाव सोडावं लागत नाही. गाव महापालिकेच्या हद्दीत आल्यावर तर त्याचा जोर वाढला असं माझं निरीक्षण आहे. घरपट्टी शहराची भरायची, पण फलकावर शहराचं नाव येऊ द्यायचं नाही. एकवचनात मात्र 'मी केडगावकर' म्हणालात तर समोरचा आडनाव समजून पुढचं नाव विचारील.

ता. क. शहराचं नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झालं, तेव्हा नगरकरांनी आता काय करायचं, असंही एकाने विचारलं आहे. काहीच नाही. आडनाव पडलं तेच मुळी बोलण्यातल्या 'नगर'वरून, आणि ते दोन्ही नावांत शाबूत आहे. किरण नगरकर आणि 'रामनगरी'वाले राम नगरकर दोघेही सुखरूप.

कुणाच्या ओळखीत खरोखरीचे केडगावकर असतील तर कळवा. मात्र नगरकडचे की दौंडकडचे, हे त्यांच्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारूनच. देशपांडे पुढच्या आठवड्यात, नक्की.