पंडितेची श्रद्धा आणि मुक्तीचा जमाखर्च

कोल्हापुरात रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये आले आणि धर्मोपदेशाबरोबरच त्यांनी शाळा चालविल्या. पुढे १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभारले. या दोन कार्यांचा दक्षिण महाराष्ट्राच्या मनावर असा ठसा उमटला की, ख्रिस्ती धर्म म्हणजे इंग्रजी शिक्षण, औषधोपचार आणि परदेशी पैसा हे समीकरणच सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. धर्मांतर करणारा एक तर युक्तिवादाने जिंकला गेला असला पाहिजे, नाही तर पोटासाठी गेला असला पाहिजे. तिसरी शक्यता सहसा विचारात घेतली जात नाही.

गंमत अशी की, ही तिसरी शक्यता त्या धर्माच्या मूळ ग्रंथातच ठळकपणे मांडलेली आहे. करिंथ हे ग्रीसमधील गजबजलेले व्यापारी शहर. पहिल्या शतकाच्या मध्यास तेथे तंबू करण्याच्या धंद्यावर पोट भरणाऱ्या पौलाने तेथील मंडळीला पुढे पत्र लिहिले. वक्तृत्व वा तत्त्वज्ञान यांच्या बळावर आपण तुम्हाला जिंकले नाही; तुमच्या विश्वासाचा आधार माणसाचे शहाणपण नव्हे तर देवाचे सामर्थ्य असावे, असा त्यातील एका भागाचा आशय आहे. युक्तिवादाने आलेली श्रद्धा अधिक प्रबळ युक्तिवाद भेटताच निघून जाते, हा व्यवहार पौलासारख्या वादपटूला ठाऊक असणारच.

महाराष्ट्रात या वचनाची कसोटी पाहावयाची असेल, तर ती पंडिता रमाबाईंच्या चरित्रात पाहावी. ज्या स्त्रीला १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, तिच्याकडे मानवी शहाणपणाची उणीव होती असे तिचे कट्टर विरोधकही म्हणू शकले नसते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही निमूटपणे मान लववून नव्हे. त्रैक्यासारख्या सिद्धांतांवर त्या आपल्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी आणि चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून वाद घालीत राहिल्या. संस्कृत शास्त्रार्थात मुरलेली बुद्धी पाद्र्यांपुढे तरी का नमावी?

परंतु १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी या काळाविषयी जे सांगितले, ते विलक्षण आहे. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र सापडला नव्हता, असा त्याचा भावार्थ. विचारांती स्वीकारलेला धर्म मनाला स्वस्थता देईना. ती मिळाली ती १८९०च्या सुमारास, स्वतःच्या पात्रतेचा हिशेब सोडून दिल्यावर. वारकऱ्याला हे निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पंडितांच्या शब्दज्ञानाला तुकोबांच्या लेखी किती मोल होते, हे सर्वश्रुत आहे. आणि तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्तापर्यंत आलेले रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली, तेव्हा तेही याच दिशेने चालले होते.

आता हिशेबाची बाजू. शारदासदनाला प्रारंभी अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनचे दहा वर्षांचे निश्चित साहाय्य होते. ती मुदत १८९८ मध्ये संपली, आणि नेमक्या याच सुमारास दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुली केडगावच्या मुक्तिसदनात आल्या होत्या. खाणारी तोंडे वाढत होती आणि हमीचे उत्पन्न संपले होते. कोणताही अंदाजपत्रक-कुशल व्यवस्थापक अशा वेळी प्रवेश बंद करील. रमाबाईंनी दार उघडे ठेवले आणि लागणाऱ्या पैशासाठी प्रार्थनेवर भिस्त ठेवली. संशयवादी म्हणेल की, केडगावची वार्ता परदेशी जात होती आणि देणग्या तिच्यामुळे येत होत्या. ते नाकारण्याचे कारण नाही. पैसा आला तो माणसांच्याच हातून. पण उद्या तो येईल याची खात्री कोणत्याही खतावणीत नव्हती, आणि दार उघडे ठेवण्याचा निर्णय त्या खात्रीवाचून घ्यावा लागला होता. शिवाय प्रार्थनेबरोबर विहिरी, शेती, विणकाम आणि छापखाना हेही चालू होते, हे भाबड्या भक्तांनीही ध्यानात घ्यावे.

१९०५ मध्ये मुक्तीत जे धार्मिक पुनरुज्जीवन झाले, ते मात्र सुशिक्षितांना आजही अवघड जाते. मुली मोठ्याने रडत, तासन् तास प्रार्थना करीत. याला सामूहिक भावनावेग म्हणून निकालात काढणे सोपे आहे. ‘देवाचे सामर्थ्य’ हा दावा कोणीही करू शकतो, आणि तो तपासण्याचे साधन नसल्याने बुवाबाजीलाही तेथूनच वाट मिळते, हा आक्षेप तर खराच आहे. त्यावर चमत्कारांची यादी हे उत्तर होऊ शकत नाही. दावा करणाऱ्याने त्यातून स्वतःसाठी काय घेतले, एवढे तरी पाहता येते; आणि रमाबाईंच्या बाबतीत त्याचे उत्तर संशयवाद्याच्या फारसे सोयीचे नाही.

बुद्धीवर श्रद्धा टेकवू नये म्हणजे बुद्धी टाकून द्यावी, असा अर्थ त्यांनी कधीच केला नाही. उतारवयात त्या हिब्रू व ग्रीक भाषा शिकल्या आणि बायबलचे मराठी भाषांतर करण्यास बसल्या. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर असल्याने खेड्यातील बाईला ते कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. संस्कृतची पदवी मिळविलेल्या विदुषीने संस्कृत शब्द वेचून वेचून बाजूला सारले. १९२१ मध्ये कन्या मनोरमा वारली, एप्रिल १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या. त्यापूर्वी भाषांतर पुरे झाले होते. १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याची छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातून झाली.