‘आठवडाभर उशीर होईल’ म्हणजे किती?

दुकानदार म्हणाला, “आयसी पुढच्या आठवड्यात येईल,” की आपण काय करतो? कँटीनला जातो! हेच उत्तर २००० साली दोन बड्या मोबाइल कंपन्यांना मिळालं होतं.

अमेरिकेत अल्बुकर्कला फिलिप्सचा चिपचा कारखाना होता. १७ मार्च २००० ला वीज पडून तिथे आग लागली. दहा मिनिटांत विझलीसुद्धा, पण धूर आणि पाण्याने क्लीन रूमची वाट लागली. (चिपला धुळीचा कणही चालत नाही.) नोकिया आणि एरिक्सन दोघांनाही निरोप गेला, साधारण आठवडाभर उशीर.

नोकियाने तिथून येणाऱ्या पार्टची रोज चौकशी सुरू केली. प्रकरण महिन्यांवर जातंय हे कळताच त्यांनी दुसरे सप्लायर गाठले, काही चिपचं डिझाइनही बदललं. एरिक्सनकडे दुसरा सप्लायरच नव्हता, आणि बातमी वरच्या साहेबांपर्यंत पोचायलाही वेळ लागला. सुमारे ४० कोटी डॉलरची विक्री बुडाली.

रिस्क मॅनेजमेंट म्हणतात ते हेच. फायनल इयरच्या प्रोजेक्टलाही ते लागू पडतं. पार्ट दुसरीकडे कुठे मिळेल आणि फोन कोण करणार, हे लिहून ठेवा. त्याहून महत्त्वाची ती तारीख: अमुक दिवसापर्यंत माल हातात नसेल तर दुसरा पर्याय घ्यायचा. ती ऑर्डर देतानाच ठरवावी, नाहीतर “अजून दोन दिवस बघू” चालूच राहतं.

सगळ्याच पार्टमागे धावायची मात्र गरज नाही. कॅबिनेट उशिरा आलं तरी भागतं. मायक्रोकंट्रोलरचं तसं नाही, प्रोग्राम त्याच्यावरच चालवून बघायचा असतो.