जुनी मोटार : किलोमीटर आणि तास

मोटार ही चैनीची वस्तू आहे असे मानणारे लोक अजूनही आहेत. २०२२ च्या पावसाळ्यात आमच्या युनियनच्या कचेरीत जे चौघे जण आले, त्यांना मोटार चैनीसाठी नको होती. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर काम करणारी ही मुले राहावयास मंचरकडे. दुसरी पाळी सुटे मध्यरात्री. कंपनीची बस कायम कामगारांपुरती राहिली, कंत्राटी कामगारांनी आपली सोय आपण पाहावी असे ठरले. भर पावसात, रात्री बारानंतर, पुणे-नाशिक रस्त्याने मोटारसायकलवरून तीस किलोमीटर जाणे म्हणजे काय, हे समोरच्या ट्रकच्या दिव्यांनी ज्याचे डोळे दिपले आहेत त्यालाच कळेल. चौघांनी मिळून पतपेढीचे कर्ज काढले, एकाने बायकोच्या बांगड्या गहाण टाकल्या, आणि एक लाख साठ हजारांना एक जुनी गाडी घेतली. मीटरवर ४८ हजार किलोमीटर होते. तिसऱ्याच महिन्यात गाडी रस्त्यात बंद पडली. टायमिंग बेल्ट तुटला होता आणि इंजिनाचे व्हॉल्व्ह वाकले होते. दुरुस्तीला चाळीस हजारांवर रक्कम गेली. दलालाविरुद्ध काही करता येईल का, हे विचारण्यासाठी ते आले होते. काही करता आले नाही. 'गाडी आहे त्या स्थितीत घेतली' अशा कागदावर त्यांनी आधीच सही केली होती.

तेव्हापासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो. आम्हांला यंत्रशास्त्राचे शिक्षण नाही. जे कळले ते फिटर, ड्रायव्हर आणि गॅरेजवाले यांच्याकडून कळले, आणि कायद्याचा भाग पुस्तके वाचून. तेच येथे मांडतो.

गाडी घेणारा माणूस प्रथम वाकून मीटर पाहतो. आकडा लहान असला की त्याचा जीव भांड्यात पडतो. दलालाला हे पक्के ठाऊक असते. पूर्वी पुष्कळ मोटारींच्या मीटरला पाचच आकडे असत. ९९,९९९ झाले की पुन्हा शून्य, आणि गाडी आपोआप कुमारी होई! आताचे मीटर विजेवर चालतात. ते फिरलेच नाहीत असे समजण्याचे कारण नाही, उलट एक यंत्र जोडून आकडा खाली आणणारे कारागीर आहेत. म्हणून मीटरचा आकडा हा विकणाऱ्याचा जबाब समजावा आणि साक्षीपुरावा दुसरीकडे शोधावा. क्लच व ब्रेकच्या पायपट्टीवरचे रबर झिजून गुळगुळीत झाले आहे, स्टिअरिंगचे चाक हाताच्या जागी चकाकते आहे, ड्रायव्हरच्या आसनाची कड दबली आहे, आणि मीटर मात्र पन्नास हजारांच्या आत आहे, तर तो जबाब खोटा. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडी जात असेल तर प्रत्येक सर्व्हिसच्या तारखेला किती किलोमीटर होते याची नोंद असते. ती मालकाला मागावी. जो देत नाही त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

पण समजा आकडा खरा आहे. तरी तो आपल्याला काय सांगतो? फार थोडे सांगतो. कारखान्यातल्या कॉम्प्रेसरला किलोमीटर नसतात. ट्रॅक्टरवर तासांचे मीटर असते. यंत्र किती तास राबले, यावर त्याचे तेल बदलायचे आणि भाग बदलायचे, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. मोटारीचे इंजिनही तासांनीच झिजते. आपण मात्र अंतर मोजत बसतो.

एक साधा हिशेब करून पाहू. एक गाडी पुणे-नाशिक किंवा पुणे-कोल्हापूर अशा रस्त्यांवर धावली. तिचा सरासरी वेग ताशी ६० धरला, तर १,२०,००० किलोमीटरला तिचे इंजिन २,००० तास चालले. दुसरी गाडी शहरात सिग्नलवर थांबत, गल्लीबोळांतून फिरली. तिचा सरासरी वेग ताशी २० धरला, तर ४८,००० किलोमीटरला तिचे इंजिन २,४०० तास चालले. म्हणजे जिच्या मीटरवर अडीचपट आकडा आहे ती गाडी कमी राबलेली आहे. शिवाय तासातासातही फरक असतो. लांबच्या रस्त्यावर इंजिन एका तापमानाला स्थिर राहते, गिअर क्वचित बदलतो, क्लचला विश्रांती असते. शहरात दर दोन मिनिटांनी क्लच, ब्रेक, पुन्हा क्लच. घरून दोन किलोमीटर जाऊन परत येणाऱ्या गाडीचे इंजिन तर पुरते तापतही नाही. जळणातून निघालेली पाण्याची वाफ आणि न जळलेले पेट्रोल तेलात उतरते, आणि तेल आपले काम सोडते. 'डॉक्टरसाहेबांची गाडी, फक्त दवाखान्यात जायची' असे दलाल मोठ्या प्रेमाने सांगतो. ते ऐकून आम्ही सावध होतो.

याचा अर्थ जास्त चाललेली प्रत्येक गाडी चांगली, असा मात्र नव्हे. भाड्याने दिवसाचे बारा-चौदा तास धावलेली गाडी तासांच्या हिशेबातही म्हातारी असते. तिच्या चालकाला हप्त्यांच्या ओझ्याखाली तेल बदलायला फुरसत मिळालेली नसते. दोष त्या चालकाचा नसला, तरी झीज आपल्या गळ्यात पडते. ती पूर्वी भाड्याची होती का, हे नोंदणीच्या कागदावरून कळते. उलट, जुनेपणाला काळजी मिळाली तर यंत्र किती टिकते याचे उदाहरण मुंबईने पाहिले आहे. प्रीमियर पद्मिनी टॅक्सी, जिला सारे 'काळी-पिवळी' म्हणत, तिची मुंबईतली शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मुदत संपली म्हणून ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. तिला थांबवले ते नियमाने. साधे यंत्र, कोणत्याही नाक्यावर मिळणारे सुटे भाग, आणि ते उघडून पुन्हा बसवणारे हजारो हात, यांवर ती टिकली. ज्याच्या खिशात पैसे मोजके आहेत त्याने हीच गोष्ट पाहावी. ज्या गाडीचे सामान तालुक्याच्या दुकानात मिळते आणि गावचा मेकॅनिक जिला डोळे मिटून ओळखतो तीच घ्यावी. स्वस्तात मिळालेली बड्या नावाची परदेशी मोटार गरिबाच्या दारात पांढरा हत्ती होऊन बसते.

गाडी पाहायला सकाळी जावे, आणि 'मी येईपर्यंत सुरू करू नका' असे आदल्या दिवशी सांगावे. तिथे पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम असेल तर आपल्यापासून काही लपवायचे आहे असे समजावे. थंड इंजिनाची तक्रारच गरम झाल्यावर दबते. सुरू करताना मागे एक माणूस उभा करावा. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळते आहे, रिंग किंवा व्हॉल्व्हची सीले गेली आहेत. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. हा दोष बहुधा थोडक्यात निघतो. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येतच राहिला तर पाणी आत शिरते आहे, आणि तो खर्च आपल्या आवाक्याबाहेरचा. तेलाचे झाकण उघडून खाली पाहावे. तिथे चहावरच्या सायीसारखे काही दिसले तर तेलात पाणी मिसळल्याचा संशय घ्यावा. रेडिएटरचे झाकण मात्र गरम असताना कधीही उघडू नये. त्या वाफेने हात भाजलेले दोन जण आमच्या ओळखीचे आहेत.

पत्र्याची परीक्षा चार आण्यांच्या लोहचुंबकाने होते. जिथे चुंबक धरत नाही तिथे पत्र्यावर पुट्टीचा थर आहे. अर्थात बंपर प्लॅस्टिकचा असतो, तिथे चुंबक लावून दलालाला हसवू नये. मागच्या डिकीतले चाक काढून खालचा पत्रा पाहावा. गाडीला मागून मार बसला असेल तर तिथल्या सुरकुत्या कोणी पुसत नाही. पुराची गाडी हा निराळाच धोका. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या; २०१९ साली कोल्हापूर-सांगलीत तेच झाले. अशा गाड्या धुऊन-पुसून दूरच्या गावी विकल्या जातात. वास अत्तराने झाकता येतो. पण आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहिला, तर गुंडाळीतल्या भागावर गाळाची रेघ सापडते, आणि आसनाखालच्या बोल्टांना गंज असतो. विजेच्या तारांची पुढे जी रड सुरू होते ती कधी संपत नाही.

आता कागद. आमच्या माणसांचे सर्वांत मोठे नुकसान इंजिनात होत नाही, कागदात होते. विकणाऱ्याने फॉर्म २९ व ३० वर सही करून दिली, चावी हातात आली, की व्यवहार झाला असे आपण समजतो, आणि नाव बदलायचे 'पुढच्या महिन्यात' ठेवतो. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५० प्रमाणे त्याच राज्यातल्या व्यवहाराची खबर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला द्यावयाची असते. तसे न केल्यास काय होते? नोंदणीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले. अपघात झाला तर भरपाई त्याच्या माथी येते. म्हणजे गाडी विकून मोकळा झालेला गरीब माणूस वर्षांनंतर न्यायाधिकरणाच्या नोटिशीने जागा होतो. घेणाऱ्याचेही तसेच. दुसऱ्याच्या इजेचा विमा कायद्यानेच गाडीबरोबर येतो. पण आपल्याच गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी तर १४ दिवसांत पॉलिसीवर आपले नाव चढवून घ्यावे. जुन्या मालकाची 'नो क्लेम बोनस'ची सवलत आपल्याला मिळत नाही. ती धरून विम्याचा हिशेब करू नये. आधीच्या मालकाने कर्ज काढले असेल तर नोंदणीवरचा बँकेचा बोजा फॉर्म ३५ ने उतरल्याची खात्री पैसे देण्यापूर्वी करावी. थकलेली ई-चलनेही तेव्हाच पाहून घ्यावीत.

गाडीच्या वयाचेही तसेच. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे तपासणी होऊन पाच वर्षांसाठी वाढते, आणि आपल्या राज्यात पर्यावरण कर भरावा लागतो. फेरनोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली. चौदा वर्षांची गाडी स्वस्त का मिळते, याचे उत्तर इथे आहे. परराज्यातली गाडी घेतली तर तिकडचा ना-हरकत दाखला आणि इथला वाहनकर, हा खर्च किमतीत धरावा.

हाती दीड लाख असतील तर गाडी एक लाख दहा हजारांच्या वर पाहूच नये, असा आमचा आग्रह असतो. उरलेले चाळीस हजार गाडीचेच आहेत, फक्त ते आपण खर्च करावयाचे आहेत: टायर, बॅटरी, तेले, नाव बदलणे, विमा. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी शाबूत असली तरी इतके जुने रबर कडक झालेले असते. आणि इंजिनाला साखळी नसून टायमिंग बेल्ट असेल, व तो कधी बदलला याचे बिल नसेल, तर तो बदललेलाच नाही असे धरून पहिल्या आठवड्यात नवा घालावा. हे काम मेकॅनिक अर्ध्या-एका दिवसात करतो. त्या चौघांनी हे केले असते तर त्यांचे व्हॉल्व्ह वाकले नसते.

चौघांनी ती गाडी २०२४ च्या सुरुवातीस विकली. घेणाऱ्याला दुरुस्तीची बिले दाखवून विकली, हे सांगितले पाहिजे. तिच्या जागी त्यांनी औषध कंपनीच्या एका प्रतिनिधीची गाडी घेतली. मीटरवर १,३५,००० किलोमीटर, जवळजवळ सारे नाशिक-पुणे रस्त्यावरचे, आणि पहिल्या दिवसापासूनच्या बिलांची एक फाईल. घरच्या लोकांनी आकडा ऐकून कपाळाला हात लावला होता. नोंदणी एकाच्या नावावर आहे, आणि कोणाचे किती पैसे हे चौघांनी मुद्रांकाच्या कागदावर लिहून ठेवले आहे. भाडे घेऊन कोणाला बसवायचे नाही, हेही त्यात आहे. खासगी गाडीत भाडोत्री माणूस बसवला की अपघाताच्या वेळी विमा कंपनी हात वर करते. परवा आम्ही त्याच गाडीतून चाकणहून मंचरला गेलो. पुढच्या खणात एक वही होती. शेवटची नोंद 'तेल व फिल्टर बदलला, १,७१,४००' अशी, आणि त्या महिन्यात ज्याची पाळी होती त्याची खाली सही.