सोन्याचा हिशेब

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत आला. टेबलाभोवती बसून, फासे टाकत, बोलत बोलत साहसकथा रचायची, असे त्याचे स्वरूप. त्याच्या जुन्या साहसपुस्तिका आजही नव्या नियमांत उतरवून खेळल्या जातात. मला हे एक प्रकारचे भाषांतरच वाटते.

आकड्यांचे भाषांतर सोपे. १९८१च्या बेसिक संचात बचावाचा आकडा जितका लहान तितका बचाव भक्कम: चिलखताविना ९, पोलादी चिलखत आणि ढाल असेल तर २. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत तो चढता आहे, चिलखताविना १०. १९मधून जुना आकडा वजा केला की काम झाले.

अर्थ मात्र दुसरीकडे असतो. बेसिकमध्ये गॉब्लिनला हरवले तर ५ अनुभवगुण. त्याची १०० सुवर्णनाणी सुखरूप बाहेर आणली तर १००. साहजिकच खेळाडू लढाई टाळत, लाच देत, चोरवाट शोधत. पाचव्या आवृत्तीत त्याच गॉब्लिनचे ५० गुण आणि नाण्यांचे शून्य. आता तलवार उपसणेच फायद्याचे. युक्तीने पार करायची गुहा मग नुसते रणांगण होते.

म्हणून मी आधी बक्षिसाचा नियम उतरवतो, आकडे नंतर. नाण्यांना गुण परत देतो, राक्षसांचे कमी करतो. पात्रांची हाव बदलली, की कथाही दुसरीच होते.