काजव्यांचं झाड आणि जिवंत पेशी

मे महिन्याच्या शेवटी वाळपईहून म्हादईच्या जंगलाकडे रात्री गेलात, तर गाडीचे दिवे बंद करून थोडा वेळ थांबा. झाडावर काजवे दिसतील. सगळे एकदम चमकले की झाड म्हणजे उजेडाचा एक गोळा, कोण कुठे बसलाय ते कळत नाही. एकटाच चमकला, तर तो कुठल्या फांदीवर आहे ते बोटाने दाखवता येतं.

सूक्ष्मदर्शकाचं दुखणं नेमकं हेच होतं. एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये दाखवलं की प्रकाशाच्या लहरींमुळे सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके एकच दिसतात. पेशीतली प्रथिनं तर जेमतेम काही नॅनोमीटरची.

इथे एक जेलीफिश मदतीला आली. ओसामू शिमोमुरा यांना १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्यात हिरवं चमकणारं प्रथिन सापडलं, जीएफपी. काजव्यासारखा स्वतःचा उजेड त्याला नाही. निळा प्रकाश टाकला की ते हिरवं चमकतं. त्याचा जीन पेशीतल्या हव्या त्या प्रथिनाच्या जीनला जोडला, की पेशी स्वतःच दिवा लावलेलं प्रथिन बनवते.

पुढे प्रकाशाने चालू करता येणारी प्रथिनं तयार झाली. एका वेळी मोजकीच पेटवायची, प्रत्येक ठिपक्याचा मध्य संगणकाने काढायचा, ती विझली की पुढची. अशा हजारो फोटोंतून एक चित्र. एरिक बेटझिग आणि हॅरल्ड हेस यांनी हा सूक्ष्मदर्शक हेस यांच्या घरच्या दिवाणखान्यात जुळवला! २००६ मध्ये निकाल छापून आला, २०१४ मध्ये बेटझिग नोबेलचे एक मानकरी ठरले. मला स्वतःला यातलं मध्य काढणारं सॉफ्टवेअरच जास्त आवडतं, पण ते असो.

मोठी अडचण वेगळीच होती. ती पहिली चित्रं रसायनाने स्थिर केलेल्या, म्हणजे मेलेल्या पेशींची होती आणि एकेका चित्राला काही तास लागत. जिवंत पेशी तेवढा वेळ एका जागी थांबत नाही. शिवाय तीव्र प्रकाशाने ती भाजते. ज्या उजेडात बघायचं, तोच उजेड तिला मारतो.

म्हणून पुन्हापुन्हा चालू-बंद होणारी प्रथिनं लागली. २०११ मध्ये जर्मनीत श्टेफान हेल यांच्या गटाने जीएफपीचा असा प्रकार दाखवला, जो हजारांहून अधिक वेळा चालू-बंद होतो, तोही मंद प्रकाशात. त्याने जिवंत पेशीतले बारीक धागे दिसले. अर्थात तोही कधीतरी विझतोच. त्यामुळे आजही प्रयोग करणारा आधी ठरवतो, की या पेशीचे किती फोटो काढणं तिला परवडेल.