राऊटरची खोली आधी बांधा, मग बटण दाबा



शेवटची मोळी गव्हाणीत पडली की आपल्या गावांत घरांची राहिलेली कामे निघतात. चौकटी बसतात, दारे चढतात. पूर्वी बिजागरीची खाच पटाशीने व्हायची, आता मिस्त्रीच्या पिशवीत राऊटर असतो. कित्येक सभासदांच्या पोरांनीही तो घेतला आहे. मशीन चांगले आहे, पण त्याचे बिट मिनिटाला वीस हजारांवर फेरे घेते. बोट मध्ये आले तर ओरडायलाही सवड मिळत नाही.

यातला प्लंज राऊटर म्हंजे स्प्रिंगच्या दोन खांबांवर वरखाली होणारी मोटर. ती किती खाली यावी हे ठरवते बाजूची दांडी आणि तिच्याखालची पायऱ्यांची चकती. (खोली म्हंजे लाकडातली हो, माजघरातली नव्हे!)

गेल्या साली आमच्याच दाराला आम्ही मिस्त्रीचे मशीन हौसेने हातात घेतले. माप बरोबर लावले, दांडीचा स्क्रू मात्र आवळला नाही. दाब देताच दांडी वर सरकली आणि बिट सागवानात अर्धा इंच घुसले. मिस्त्री एवढंच म्हणाला, "आण्णा, स्क्रू कोण आवळणार?" बिजागरीखाली पाचर घालावी लागली. हात वाचला, ते नशीब.

नंतर त्याने शिकवले ते असे. पहिल्यांदा प्लग भिंतीतून काढायचा. नुसते बटण बंद करून भागत नाही. बिट कोलेटात पूर्ण घालून चिमूटभर मागे ओढायचे आणि पान्याने घट्ट करायचे. मग मशीन सपाट फळीवर ठेवून, टोक फळीला जेमतेम टेकेपर्यंत मोटर खाली आणायची आणि खटका लावायचा. हे झाले शून्य. आता चकतीच्या सर्वांत खालच्या पायरीवर बिजागरीचे पानच ठेवायचे, दांडी त्यावर टेकवून स्क्रू आवळायचा आणि पान काढून घ्यायचे. पानाच्या जाडीएवढीच खाच पडणार. मशीनवरच्या बारीक रेघा वाचत बसायला नकोत; आमच्या चष्म्याला तर त्या दिसतही नाहीत. सहा मिलिमीटरची खोबण हवी असेल तर पानाऐवजी सहाच्या ड्रिलचा गुळगुळीत दांडा ठेवावा. बिट बदलले की शून्य पुन्हा बांधायचे.

खोल खोबण एका दमात काढू नये. बिट तापते, लाकूड जळते, मशीन हाताला झटका देते. चकतीची उंच पायरी आधी, मग तिच्याखालची, शेवटी सर्वांत खालची. दर वेळी तीनेक मिलिमीटर पुरे. फळीची आपल्याकडची कड कापताना मशीन डावीकडून उजवीकडे न्यावे. उलटे नेले तर ते स्वतःच पळते. काम झाले की खटका सोडून बिट वर येऊ द्यावे, मगच बटण बंद. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि फळी शिकंज्यात धरावी, पायाखाली नव्हे.

टाकाऊ तुकड्यावर एक खाच मारून पान बसवून पाहावे. खाच उथळ पडली तर दांडी हलवण्याआधी चकती फुंकून बघा. पायरीवर भुश्याचा कण बसला असला तरी तेवढा फरक पडतो.