जवसावरील तांबेरा आणि डॉ. हॅरोल्ड फ्लोर

जवसाची चटणी विदर्भातल्या घराघरांत खाल्ली जाते. परंतु याच पिकावरील तांबेऱ्याच्या अभ्यासातून वनस्पती-रोगशास्त्राला नवी दृष्टी मिळाली, हे कृषी महाविद्यालयाबाहेर फारसे कोणाला माहीत नाही.

तांबेरा ही एक बुरशी आहे. पानावर नारिंगी पुटकुळ्या येतात, हात लावला की भुकटी बोटांना लागते. हेच तिचे बीजाणू. प्राचीन रोममध्ये पिकावरील तांबेरा हा रोबिगस देवतेचा कोप समजत आणि दरवर्षी २५ एप्रिलला तिला कुत्र्याचा बळी देत. तांबेरा अर्थातच येत राहिला. कोप म्हटले की कारण शोधण्याचे काम तेथेच थांबते.

डॉ. हॅरोल्ड हेन्री फ्लोर यांचा जन्म १९०० साली अमेरिकेत झाला. १९३१ मध्ये ते नॉर्थ डकोटा राज्यातील फार्गो येथे जवसाच्या तांबेऱ्यावर काम करू लागले आणि पुढची सारी नोकरी तेथेच केली. प्रश्न शेतकऱ्याच्या पोटाचा होता : रोगाला दाद न देणारा वाण काढावा, आणि काही वर्षांत तोही तांबेऱ्याने लाल व्हावा. असे का?

त्या काळी रोगप्रतिकारशक्तीचा विचार बहुधा झाडाच्या बाजूने होई. फ्लोर यांनी झाडाचा संकर केला, तसाच बुरशीचाही केला. हे काम चिकाटीचे. ही बुरशी काचेच्या बशीत सहज वाढत नाही, तिला जिवंत जवसच लागतो. मात्र एक सोय होती. गव्हाच्या खोडावरील तांबेऱ्याला लैंगिक पिढीसाठी बारबेरी हे दुसरे झाड लागते, जवसाच्या तांबेऱ्याचे सारे जीवनचक्र जवसावरच पुरे होते.

त्यांचा गाजलेला प्रयोग असा. जवसाचे दोन वाण घेतले, एक 'ओटावा ७७० बी' आणि दुसरा चक्क 'बॉम्बे' नावाचा. बुरशीचा प्रकार क्रमांक २२ ओटावावर वाढे, बॉम्बेवर नाही. क्रमांक २४ चे नेमके उलटे. या दोन बुरशींच्या संकराची पहिली पिढी दोहोंपैकी एकाही वाणावर वाढली नाही. दुसऱ्या पिढीत तपासलेल्या १३३ बुरशींपैकी ५ दोन्ही वाणांवर वाढल्या. मेंडेलच्या नियमाने सोळात एक, म्हणजे सुमारे ८ यायला हव्या होत्या, आणि एवढा फरक चालतो. दोन वाणांच्या संकरातही झाडे याच ९:३:३:१ प्रमाणाच्या जवळपास विभागली गेली.

यावरून निष्कर्ष निघाला, की झाडातील प्रतिकाराच्या प्रत्येक जनुकाला जोडीचे जनुक बुरशीत असते. रोग होणार की नाही हे एकट्या झाडात ठरत नाही, एकट्या बुरशीतही नाही, ते दोघांच्या संबंधात ठरते. प्रतीत्यसमुत्पाद समजून घेतलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना हा विचार परका वाटू नये.

गंमत अशी, की बुरशीतील ते जनुक तिची चुगली करणारे आहे. त्यापासून तयार झालेले प्रथिन झाड ओळखते, तेथील पेशी स्वतः मरतात आणि जिवंत पेशींवर जगणारी बुरशी उपाशी राहते. ते जनुक बदलले किंवा नष्ट झाले, की झाडाला शत्रू दिसतच नाही. वाण 'कमजोर' होत नाही. बुरशी बदलते, आणि एकच वाण शेकडो मैल पेरलेला असला तर त्या एका बदललेल्या बुरशीला सारे रान मोकळे मिळते.

फ्लोर १९९१ साली वारले. त्यानंतर १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील शास्त्रज्ञांनी जवसातील 'एल ६' हे प्रतिकाराचे जनुक वेगळे काढले. बुरशीतील त्याच्या जोडीचे जनुक २००४ मध्ये हाती आले आणि २००६ मध्ये दोघांची प्रथिने प्रत्यक्ष एकमेकांना चिकटतात हे दाखविले गेले. फ्लोर यांनी मात्र हे सारे पानांवरच्या पुटकुळ्या मोजून ओळखले होते.

व्यवहारात याचा अर्थ असा, की एका जनुकाच्या भरवशावर वाण सोडणे धोक्याचे. जगातील अनेक गहू-वाण 'एसआर ३१' या जनुकावर विसंबून होते, युगांडातील 'यूजी ९९' या तांबेऱ्याने १९९० नंतरच्या दशकाअखेर ते निकामी केले. म्हणून आता पैदासकार एका वाणात दोन-तीन जनुके एकत्र आणतात. बुरशीला मग हे सारे बदल एकाच वेळी घडवून आणावे लागतात, आणि तसे घडणे फार दुर्मिळ असते.